पैगंबरचरित्र आणि बालवाचक

मुहम्मद पैगंबरांचें पहिलें विस्तृत चरित्र इब्न इसहाक यानें आठव्या शतकांत रचिलें. तें अखंड रूपांत आज उपलब्ध नाहीं. आपण वाचतों तो इब्न हिशामनें नवव्या शतकाच्या आरंभीं केलेला संक्षेप होय. ह्या संक्षेपकाराचा एक गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो. काव्यज्ञांस अपरिचित असलेलीं पद्यें आणि कित्येकांस क्लेश देतील असे उल्लेख आपण गाळले आहेत, हें त्यानें ग्रंथारंभींच सांगून टाकलें. कात्री चालविली, पण लपविली नाहीं.

बालबोध पुस्तकांत बहुधा उलट घडतें; गाळणें मुकाट्यानें, आणि भर मात्र उदारपणें! पैगंबरांच्या अंगावर रोज केर टाकणाऱ्या म्हातारीची कथा घ्या. ती आजारी पडतांच ते तिच्या समाचारास गेले, हें मुलांस आवडतें. परंतु जुन्या चरित्रग्रंथांत वा मान्य हदीससंग्रहांत ती आढळत नाहीं. तिची गरज तरी काय? ताइफच्या लोकांनीं झिडकारल्यावरहि पैगंबरांनीं त्यांचा नाश इच्छिला नाहीं, ही कथा बुखारीच्या संग्रहांत आहेच.

मराठींत आणखी एक अडचण आहे, ती शब्दांची. ‘अवतार’ हा शब्द आपल्या लेखणींतून सहज उतरतो. इस्लामास तो मुळींच मान्य नाहीं. पैगाम म्हणजे निरोप, आणि तो आणणारा तो पैगंबर. महात्मा फुले यांनीं आपल्या कवितेस ‘मानव महंमद’ असें नांव दिलें, त्यांतील पहिला शब्द ह्या दृष्टीनें अचूक आहे. साने गुरुजींचें ‘इस्लामी संस्कृति’ हें त्यांच्या १९५० मधील निधनानंतर प्रसिद्ध झालेलें पुस्तकहि शिक्षकानें जवळ ठेवावें.

लढायांचें काय? इ. स. ६२७ मधील बनू कुरैझाचा प्रसंग दहा वर्षांच्या मुलास सांगूं नये, हें आम्हांस मान्य आहे. परंतु मदिनेंत युद्ध झालेंच नाहीं असा भास उत्पन्न करणें निराळें. बद्रचें नांव, ६२४ हें साल आणि ‘पुढें मोठ्या पुस्तकांत वाच’ एवढें वाक्य पुरे.

चेंबूरच्या एखाद्या मराठी शाळेंत ही कथा घरीं ऐकलेला मुलगा आणि ती प्रथमच ऐकणारा मुलगा एकाच बाकावर बसतात. पहिला घरीं जाऊन ती पडताळून पाहील. दुसऱ्यास त्या पुस्तकावांचून दुसरा आधार नाहीं.