क्युबन सँडविच (सिगार)

क्युबन सँडविच हा हाताने वळलेल्या सिगारचा तुलनेने स्वस्त प्रकार होय. सिगारमध्ये सारण, ते बांधणारे पान आणि बाहेरील वेष्टन असे तीन भाग असतात. महाग सिगारचे सारण अखंड लांब पानांचे असते. या प्रकारात लांब पानांच्या आत कापलेले तुकडे भरतात. कात्रणे उपयोगात आल्याने किंमत कमी राहते.

आस्वाद

तुकड्यांचे सारण लवकर व अधिक उष्ण जळते. त्यामुळे घाईने झुरके घेतल्यास धूर कडवट लागतो. दोन झुरक्यांत सुमारे एक मिनिटाचे अंतर ठेवण्याची प्रथा आहे. सिगारचे तीन भाग कल्पून प्रत्येकाची चव स्वतंत्रपणे पारखतात. शेवटच्या भागात ती सहसा तीव्र होते.

पेयांची जोड

फिकट वेष्टनाच्या सौम्य सिगारसोबत दुधाची कॉफी, तर गडद माडुरो वेष्टनासोबत काळी कॉफी किंवा रम घेतली जाते. दोहोंपैकी एकाची चव दुसऱ्याला झाकणार नाही, हा जोडीचा निकष मानतात.

आरोग्य

सिगारचा धूर सहसा फुप्फुसांत ओढला जात नाही. तरीही निकोटिन तोंडातील अस्तरातून शोषले जाते. सिगार ओढल्याने तोंड, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सिगार महाग असल्याने हा धोका टळत नाही.