किल्ल्यावरचा पाणक्या

दिवाळीत आमच्या सोलापुरातही मुलं अंगणात मातीचा किल्ला बांधतात. अळीव पेरून हिरवळ आणतात. वर सिंहासनावर महाराज, दारात मावळे, बुरुजावर तोफ. मी मात्र त्या चित्रांत पाणक्या शोधतो. तो नसतो.

खऱ्या किल्ल्यावरच्या शिबंदीचा दिवस लढाईत कमी आणि घरकामात जास्त जाई. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, असं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बजावतं. गडावरचा केर खाली न टाकता जागोजागी जाळावा, ती राख परसात टाकून घरोघरी भाजी पिकवावी, हेही त्यात आहे. चिपळूणच्या छावणीला गेलेल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, ही काळजी आहे.

आमचा भुईकोट बहमनी काळातला. पुढे निजामशाही, आदिलशाही, मोगल, पेशवे असे धनी बदलत गेले. १८१८ मध्ये इंग्रज आले. बुरुजावर निशाण कोणाचंही असो, पाणी भरणं, केर काढणं, रात्री दिवा विझवणं कोणालाच चुकलं नाही. ती कामं करणाऱ्यांची नावं बखरींत सहसा सापडत नाहीत. किल्ला मात्र त्यांच्याच जिवावर नांदत होता.