लिलावातली जीप

जुनी फोर बाय फोर घ्यायला निघालेली माणसं आधी किंमत विचारतात, मग गाडी किती चालली ते विचारतात. मी आधी विचारते, पहिली पासिंग कुणाच्या नावावर झाली? माझे वडील पाटबंधारे खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. निवृत्तीपर्यंत कराड, पाटण, कोयनानगर हाच त्यांचा पट्टा. आता माझा नवरा आणि मी तंबू, स्टोव्ह घेऊन बामणोली-तापोळ्याकडे मुक्कामाला जाण्यासाठी स्वस्तातली जुनी गाडी शोधतो आहोत. हा शोध घेताना एक गोष्ट पक्की कळली. आपल्या मुलखात चारही चाकांना ताकद देणारी गाडी ही बहुतेक वेळा सरकारची गाडी होती. सामान्य माणसाच्या दारात ती आली ती लिलावातून.

जीप जन्मली युद्धात. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपलं त्याच वर्षी लुधियानात ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८मध्ये कंपनीच्या नावात दोन्हीकडे महिंद्र आलं. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात झाली होती. पुढे उंच बोनेटची सीजे-थ्री-बी आली. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६०च्या दशकात थांबलं, पण आपल्याकडे तिचा तो चेहरा त्यानंतरही कितीतरी वर्षं रस्त्यावर येत राहिला.

ती घेत कोण होतं? तहसीलदार कचेरी, वनखातं, पोलीस, पाटबंधारे, साखर कारखान्यांचे शेती अधिकारी. जिथे रस्ताच नव्हता तिथे जाणं हे ज्यांचं काम होतं, त्यांना पुढच्या चाकांची ताकद हवी होती. पेट्रोल सरकारी होतं, त्यामुळे ती किती पिते याची फिकीर कुणाला नव्हती. खेड्यातल्या माणसाला ते परवडणारं नव्हतं.

डिझेलने चित्र बदललं. महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचा परवाना घेऊन एक्सडीपी हे डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनवायला घेतलं, आणि १९८०च्या दशकात त्या इंजिनाची एमएम ५४० आली. मग आमच्याकडे वडाप सुरू झालं. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स या गाड्यांत माणसं कोंबून, टपावर पाट्या आणि कोंबड्यांच्या डालग्या बांधून सगळा सातारा-सांगली जिल्हा बाजाराला जाऊ लागला. वडापवाल्याला सीट जास्त हवी आणि डिझेल कमी लागायला हवं. पुढच्या चाकांना ताकद देणारा सगळा लोखंडी सरंजाम त्याच्या दृष्टीने फुकटचं वजन. म्हणून यातल्या बहुतेक गाड्या मागच्या दोन चाकांवरच चालणाऱ्या. काहींनी तर लिलावात घेतलेल्या सरकारी जीपचा पुढचा शाफ्टही काढून टाकला. आज बाजारात ‘जीप आहे, ऑफरोडला एक नंबर’ म्हणून जे दाखवतात, त्यातल्या बऱ्याच गाड्या या वडापच्या वंशातल्या असतात.

ते ओळखायला मेकॅनिक लागत नाही. खाली पोतं टाकायचं आणि गाडीच्या पुढून आडवं होऊन वर बघायचं. पुढच्या अॅक्सलवर मध्यापासून जरा एका बाजूला घडीव लोखंडाचा गोल फुगवटा दिसला आणि त्याला मागून शाफ्ट येऊन मिळाला, तर ती खरी. सरळ, रिकामी नळी दिसली तर गप उठायचं. मग आत गिअरच्या दांडीशेजारची छोटी दांडी. ती टाकून गाडी मऊ मातीत न्यायची आणि स्टिअरिंग पूर्ण वळवायचं. हाताला जड लागतं, गाडी अडखळत वळते. कारण या गाड्यांत पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाला बांधली जातात, आणि वळताना तर दोघांचे मार्ग वेगळे. माती ती ओढाताण सोसते, डांबर सोसत नाही. वडील कोरड्या डांबरावर ही दांडी कुणाला टाकू देत नसत. परवा एका गॅरेजमध्ये मी अशीच खाली सरकले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “ताई, रंग बघा की, नवा मारलाय.” म्हटलं, “मिस्त्री, रंगाखाली लांबी किती भरलीय ते मला ठोकूनच कळेल. चॅसीवरचा नंबर तेवढा पुसून दाखवा.”

लष्कराच्या गाड्यांचा प्रवाह वेगळा. निस्सानच्या ‘पॅट्रोल’ या गाडीवरून जबलपूरला बनलेली जोंगा, चार लिटरच्या जवळ जाणारं तिचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आणि नंतर मारुतीची जिप्सी. जिप्सी १९८५मध्ये ९७० सीसीच्या इंजिनावर आली, १९९६मध्ये १.३ लिटरची ‘किंग’ झाली. हलकी, पेट्रोलवर चालणारी, आणि थंडीत, उंचीवर हमखास सुरू होणारी. लष्कराच्या गाडीवर वर बोट दाखवणारा बाण आणि मग आकडे असा नंबर असतो, आरटीओचा नसतो. त्यामुळे ती लिलावात घेणाऱ्याला कागदपत्रं जमवून नव्याने नोंदणी करावी लागते. ज्याने ते नीट केलं नाही त्याच्याकडून गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी मी घेणार नाही.

सरकारी खात्यात जुन्या गाडीच्या बाबतीत ‘निर्लेखन’ हा शब्द चाले. गाडी निर्लेखित झाली की आवारात उभी राही, निविदा निघे, ‘आहे तशी, आहे तिथे’ या अटीवर बोली लागे. याच आवारांतून शेतकरी, क्वारीवाले, गडावर सामान चढवणारे, आणि अलीकडे आमच्यासारखे मुक्कामी फिरणारे गाड्या घेत आले. तो झरा आता आटला आहे. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी वाढवून मिळत नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी लागणारी खास वाहनं तेवढी वगळली आहेत, बाकीच्यांनी थेट भंगार केंद्रात जायचं. त्याच्या वर्षभर आधी खासगी मोटारीच्या पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झालं होतं. धुराचा विचार केला तर हे नियम मला पटतात. तरीही, वेळेवर ग्रीस-ऑइल झालेली, एका ड्रायव्हरच्या हाताखाली राहिलेली जीप फक्त वयावरून कापायला जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०१९मध्ये जिप्सीही सर्वसामान्य ग्राहकासाठी बंद झाली. ज्या उरल्या आहेत त्यांचे मालक आता किंमत खाली आणत नाहीत.

प्रत्येक सरकारी जीपबरोबर लॉगबुक असे. तारीख, कुठून कुठे, कामाचं कारण, सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, टाकलेलं इंधन, वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही. वडील ते रोज संध्याकाळी स्वच्छ अक्षरात लिहीत. गाडी लिलावात गेली की वही खात्यातच राही, घेणाऱ्याच्या हाती कधी येत नसे. जावळी-पाटणच्या दऱ्यांत कुठल्या गावापर्यंत गाडी कधी पोचू लागली, कुठून पुढे चालत जावं लागे, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाल्यावर कुठल्या जीप कुठे धावल्या, हे कुठल्या ना कुठल्या लॉगबुकात नोंदलं गेलं असणार. जुन्या कचेऱ्यांच्या माळ्यावर ते गठ्ठे अजून असतील, तर रद्दीत जाण्याआधी जिल्ह्यातल्या एखाद्या इतिहास मंडळाने मागून घ्यावेत. वाचायला आणि उतरवून काढायला मी येईन.