माळवदाखालून आलेलं शास्त्र

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून झोपलेली सास्तूर, होळी, राजेगाव ही गावं माळवदाखाली गाडली गेली. भूकंपाला नाव मिळालं लातूरच्या किल्लारीचं, पण ही तिन्ही गावं तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली. मातीत रचलेले दगड, वर मातीचंच जाड छत. उन्हाळ्यात गारवा देणारं घर त्या रात्री जिवावर उठलं.

ढिगाऱ्यातून जिवंत निघालेला माणूस पुढे चार-आठ दिवसांत किडनी बंद पडून दगावतो, हे वैद्यकाला नीट उमगलं ते लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत. बायवॉटर्स आणि बील यांनी 1941 मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. चिरडलेल्या स्नायूंमधलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं, मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबतात. पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. म्हणून शक्य तिथे दगड हलवण्याआधीच सलाइन सुरू करतात. दोनच वर्षांनी, 1943 मध्ये, नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन आवरणातून रक्त फिरवणारं डायलिसिसचं यंत्र जुळवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण गेले. 1945 मध्ये एक बाई वाचली.

धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेफ्रॉलॉजीचा, म्हणजे मूत्रपिंडशास्त्राचा, पहिला तास इथूनच सुरू व्हायला हवा. आम्ल-अल्कलीच्या गणितापासून सुरुवात केली, की मुलं घाबरून दुसरी शाखा धरतात.

हे महाविद्यालय 2022 चं. पहिल्या तुकडीनं प्रवेश घेतला उस्मानाबादला. डॉक्टर होऊन ती बाहेर पडेल धाराशिवमधून! मराठवाड्यातलं पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला 1956 मध्ये निघालं, म्हणजे या जिल्ह्याला साठाहून अधिक वर्षं थांबावं लागलं. त्यात मूत्रपिंडतज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएस, इंटर्नशिप, एमडी, डीएम अशी साडेअकरा वर्षं. एवढा धीर धरायला कारणही तसंच लागतं.

ते कारण सापडतं डॉ. एम. के. मणी यांच्या वाटचालीत. आणीबाणीत कैदेत असताना जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडं निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि हा शब्द घरोघरी पोचला. मणी तिथले मूत्रपिंडतज्ज्ञ. पुढे चेन्नईला गेल्यावर त्यांनी यंत्राच्या अलीकडचं काम हाती घेतलं. खेड्यातल्या मुलींना लघवी आणि रक्तदाब तपासायला शिकवलं आणि स्वस्त औषधांनी रक्तदाब, साखर आटोक्यात ठेवली.

गावातल्या बाईच्या हाती आरोग्य सोपवणं धाराशिवला नवं नाही. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. मणींची पद्धत इथे उचलायची तर पाया असा तयार आहे.

2016 नंतर राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत यंत्रं येऊ लागली. यंत्र चार तास रक्त गाळतं, पण किडनी का गेली हे शोधत नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये मधुमेह नसलेल्या, शेतात राबणाऱ्या माणसांच्या किडन्या निकामी होताना डॉक्टरांनी 2002 मध्ये नोंदवल्या. पुढे उसाच्या फडातलं ऊन आणि अपुरं पाणी यांकडे संशयाची सुई वळली. भूम, वाशी, कळंबहूनही दरवर्षी कोयते उचलून माणसं फडावर जातात. दिवाळीनंतर गाड्या सुटण्याआधी आणि हंगाम संपवून ती परतल्यावर त्यांच्या रक्तातलं, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासणं तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखं आहे.