रबराचे गणित : सिम्युलेशनमध्ये मटेरियल मॉडेल निवडताना



आपल्यापैकी बरेच जण अबॅकस, अ‍ॅन्सिस अशी सॉफ्टवेअर रोज वापरतात. त्यांच्यासाठी आणि नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या मुलांसाठी ही थोडक्यात माहिती.

पोलादाचे काम सोपे असते. नेहमीच्या भाराला दोन आकडे पुरतात : यंग मोड्युलस (सुमारे 200 गिगापास्कल) आणि पॉयसन रेशो (सुमारे 0.3). रबर मात्र दुप्पट-तिप्पट ताणले जाते आणि त्याचा आलेख सरळ रेषेत जात नाही. म्हणून त्याला हायपरइलॅस्टिक मॉडेल लागते. मूनी-रिव्हलिन (1940 व 1948), ऑग्डेन (1972) आणि येओह (1993) ही त्यातली प्रचलित मॉडेल. चाचणीचे आकडे भरले की सॉफ्टवेअर गुणांक काढून देते.

फसगत इथेच होते. आम्ही एकदा एका सीलसाठी फक्त एका दिशेत ओढण्याच्या चाचणीवर मूनी-रिव्हलिन बसवले. आलेख छान जुळला. पण सीलमधले रबर ओढले जात नाही, दाबले जाते! संगणकाने दाखवलेला दाब प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला. तसेच डिझाइन पुढे गेले असते तर सील गळले असते.

तेव्हापासून आम्ही पुढील गोष्टी पाळतो :

१. भागात जशी विकृती होते तशी चाचणी घ्यावी. एका दिशेत ओढणे, दोन्ही दिशांत सारखे ओढणे आणि कातर, अशा तिन्ही चाचण्या असल्यास उत्तम.

२. पहिल्यांदा ताणल्यावर रबर मऊ पडते (मुलिन्स परिणाम). म्हणून नमुना आधी काही वेळा ताणून घ्यावा.

३. रबराचे आकारमान जवळजवळ बदलत नाही. पॉयसन रेशो 0.5 च्या जवळ असल्याने साधी एलिमेंट खोटी ताठ होतात. हायब्रिड एलिमेंट वापरावीत.

४. तापमान आणि वेळ विसरू नये. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर यानाच्या बूस्टरमधील ओ-रिंग थंडीमुळे वेळेत पूर्ववत फुगली नाही आणि सात अंतराळवीर गेले. नुसत्या हायपरइलॅस्टिक मॉडेलमध्ये रबर लगेच मूळ आकारात येते. हा उशीर दिसण्यासाठी त्या तापमानाचे व्हिस्कोइलॅस्टिक आकडे द्यावे लागतात.

आकडे अपुरे असले तरी सॉफ्टवेअर रंगीत चित्र काढतेच. त्यामुळे चित्र पाहण्याआधी चाचणीचा अहवाल मागा.