जॉन चाचा मुलांचा कोण लागतो? ‘बूट पॉलिश’, मुंबईचा रस्ता आणि कायद्याला न दिसलेलं कुटुंब

येलदरीत बसून मुंबईच्या रस्त्यावरच्या सिनेमाबद्दल बोलायचं, तर सुरुवात पावसापासून करू. पाऊस म्हणजे काय, हे इथे कोणाला सांगायला नको. पूर्णेला पाणी आलं, धरण भरू लागलं, की खालच्या गावांचा जीव भांड्यात पडतो. पाऊस आला म्हणजे पोटाची सोय झाली, हा आपला हिशेब.

१९५४ साली पडद्यावर आलेल्या ‘बूट पॉलिश’मध्ये हा हिशेब उलटा होतो. तिथे पाऊस येतो आणि दोन लहान भावंडं उपाशी राहतात. कारण साधं आहे. रस्त्यात चिखल असताना बुटाला पॉलिश कोण करून घेणार?

हा सिनेमा राज कपूरच्या आर. के. फिल्म्सचा. दिग्दर्शक म्हणून नाव प्रकाश अरोरा यांचं. भोला झाला रतन कुमार, बेलू झाली बेबी नाझ. आई नाही, बाप नाही. ही मुलं कमला नावाच्या चुलतीच्या दारात येऊन पडतात, आणि ती त्यांना भीक मागायला लावते, कमी आणली तर मारते. शेजारी एक जॉन चाचा राहतो. तो मुलांना सांगतो की हात पसरू नका, हातांनी काम करा. मग मुलं चोरून पैसे साठवतात, पॉलिशची डबी आणि ब्रश घेतात. गोष्ट एवढीच. पण आज आपल्याला तिच्यातला एकच प्रश्न हातात धरायचा आहे. हा जॉन चाचा त्या मुलांचा कोण लागतो?

आपल्या भाषेत याला उत्तर आहे. मानलेला काका. धर्माचा भाऊ, मानसकन्या असे शब्द मराठीत आधीपासूनच आहेत, आणि ते उगाच आलेले नाहीत. रक्ताबाहेरचं नातं समाजात होतं म्हणून त्याला शब्द लागले. पण त्या काळच्या कायद्याकडे हा शब्द होता का? हे नीट तपासलं की सिनेमाच्या मागचा इतिहास दिसायला लागतो.

पहिल्यांदा जॉन चाचाचा गुन्हा बघू. तो चोरून दारू विकतो. आज हे ऐकून आपण त्याला वाईट माणूस ठरवून मोकळे होऊ. पण १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५०पासून बंदी पूर्णपणे लागू झाली. जो धंदा आदल्या दिवशी परवान्याने चालत होता, तो दुसऱ्या दिवशी गुन्हा झाला. झोपडपट्टीतल्या हातभट्ट्या आणि चोरटी विक्री या बंदीच्या सावलीत वाढली. म्हणजे जॉन चाचा हा त्या विशिष्ट काळाने घडवलेला गुन्हेगार आहे. मुलांना तो जे शिकवतो ते स्वतःला जमत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याच्या वागण्यातली सगळी गंमत आणि सगळं दुःख तिथे आहे.

ही भूमिका केली डेव्हिड यांनी. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनाव ऐकताच लक्षात येईल, चेऊलकर म्हणजे अलिबागजवळच्या चौलचे. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिकही ‘बूट पॉलिश’लाच मिळालं. पुढे १९५५ साली कान महोत्सवात बेबी नाझच्या कामाची खास दखल घेतली गेली.

आता दुसरा गुन्हा, भीक. ही मुलं नुसतीच गरीब नव्हती, कायद्याच्या नजरेत ती पकडण्याजोगी होती. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा १९२४ साली आला. १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुलांना ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. १९४५ साली भिकाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, १९४८ साली मुलांचा कायदा नव्याने झाला. बेघर मूल दिसलं, भीक मागताना दिसलं, की पोलिसाने त्याला बाल न्यायालयापुढे न्यायचं, तिथून त्याची रवानगी संस्थेत. हेतू संरक्षणाचा होता, हे मान्य करायला हवं. पण मुलाच्या बाजूने बघितलं तर काय दिसतं? गणवेशातला माणूस येतो आणि सोबतच्या माणसापासून आपल्याला तोडून नेतो.

सिनेमात नेमकं हेच होतं. जॉन चाचा तुरुंगात जातो. तिथे डोक्यावर केस नसलेले कैदी जमतात आणि ढगांना आळवून पाऊस मागतात, केस उगवावेत म्हणून! हसता हसता प्रेक्षकांची पुरेवाट होते. आणि पाऊस खरंच येतो. तुरुंगातल्या चाचाने गंमत म्हणून मागितलेला पाऊस बाहेर त्याच्याच मुलांचं काम बंद पाडतो. एका रात्री कोणीतरी नाणं फेकतं. भोला ते घेत नाही, त्याने शब्द दिलाय. भुकेली बेलू नाणं उचलते, आणि भोला तिच्या तोंडात मारतो. तिच्या हातातून नाणं पडतं.

या थपडेपाशी आपण थोडं थांबू. भीक नको, काम हवं, हा त्या काळाचा मंत्र होता. देश नवा होता, श्रमाला प्रतिष्ठा मिळवून द्यायची होती. विचार चांगलाच. पण काम पावसाने बंद पडलंय, दोष मुलाच्या वृत्तीत नाही, हे सिनेमा स्वतःच दाखवतो. तरी त्या विचाराची किंमत मोजते एक लहान मुलगी, आणि वसूल करतो तिचाच भाऊ. दिग्दर्शकाला हे किती जाणवलं होतं, यावर वाद होऊ शकतो. पण ते दृश्य पाहणाऱ्याला टोचतं, एवढं नक्की.

याच जागी मराठवाड्याचा धागा जुळतो. आदल्याच वर्षी, १९५३ साली, बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ आला होता. कर्जात अडकलेला शेतकरी जमीन वाचवायला कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. त्याचा मुलगा शहरात बूट पॉलिश करतो. तो मुलगा कोण? हाच रतन कुमार. एका वर्षी शेतकऱ्याचं पोर, पुढच्या वर्षी मुंबईतलं अनाथ पोर. दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ पाहिले की वाटतं, शहरातल्या फुटपाथची सुरुवात गावातल्या कोरड्या शेतात होते.

हे सिनेमे आले तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. त्यानंतर येलदरीच्या धरणाचं काम चालू झालं आणि १९६८ साली ते पुरं झालं. चारच वर्षांत, १९७२ला, मोठा दुष्काळ पडला. दुष्काळी कामं, खडी फोडणं, कामावर मिळणारी सुकडी, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. त्या अनुभवातून महाराष्ट्राने एक मोठी गोष्ट केली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. ‘भीक नको, काम द्या’ असं म्हणणाऱ्या भोलाला सरकारने दिलेलं हेच उत्तर, असं म्हणायला हरकत नाही. पण ते उत्तर होतं गावातल्या प्रौढ माणसासाठी. शहरातल्या फुटपाथवरच्या मुलाला ते लागू होत नव्हतं. आणि तिथे भिकेचा कायदा १९५९ साली अधिक कडक झाला होता. पहिल्या वेळेला एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याची तरतूद, आणि पुन्हापुन्हा सापडलं तर थेट दहा वर्षांपर्यंत. भीक मागण्याच्या व्याख्येत रस्त्यावर गाणं-नाचणंही आलं. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कायद्यातल्या अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या.

आता शेवटाकडे येऊ. पोलिसांच्या हातून निसटून बेलू आगगाडीत चढते आणि एक श्रीमंत कुटुंब तिला आपलंसं करतं. पुढे स्टेशनवर भीक मागणारा भोला तिच्यासमोर येतो. शेवटी दोघंही त्याच घरात जातात, शाळेत जातात. टीकाकार म्हणतात, हा शेवट गोड आहे, फार सोपा आहे. खरं आहे ते. इटलीत डी सिकांनी १९४६ साली बूट पॉलिश करणाऱ्या मुलांवरच सिनेमा केला, त्यात सुधारगृहाच्या भिंतीत दोन मित्रांची मैत्री मरते. तिथे असा दिलासा नाही.

पण आम्ही या शेवटाकडे वेगळ्या बाजूने बघतो. १९५४ साली हे दत्तक कायद्याने शक्य होतं का? जुन्या हिंदू कायद्यात दत्तक घ्यायचा तो मुलगा. मुलीला दत्तक मान्यता नव्हती, एखाद्या ठिकाणची रूढी सोडली तर. आणि मूल द्यायचं ते आईने किंवा बापाने. आईबापच नाहीत, तर देणार कोण? म्हणून अनाथ मूलही बाहेर. बेलू मुलगीही आहे आणि अनाथही. म्हणजे कागदावर ती त्या घरची मुलगी होऊच शकत नव्हती. १९५६ साली दत्तकाचा नवा कायदा आला, तेव्हा मुलीला मान्यता मिळाली. ज्याला आपण फिल्मी शेवट म्हणून हसतो, तो कायद्याच्या दोन वर्षं पुढे होता.

मात्र जॉन चाचाच्या बाबतीत सिनेमा एवढा पुढे गेला नाही. मुलांच्या कायद्यात नातेवाइकाकडे किंवा ‘योग्य व्यक्ती’कडे मूल सोपवायची सोय होती. पण चोरटी दारू विकणारा, शिक्षा भोगलेला झोपडीतला एकटा पुरुष कोणत्या न्यायाधीशाला योग्य वाटणार? ज्याने मुलांना माणूस म्हणून उभं केलं, त्याला जागा नाही. ज्यांच्याकडे घर आणि पैसा आहे, त्यांना आहे. सिनेमानेही शेवटी हेच माप वापरलं.

चौतीस वर्षांनी, १९८८ साली, मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’ने गोड शेवट काढून टाकला. कृष्णा गावाकडचा मुलगा, सर्कस त्याला सोडून निघून जाते, तो मुंबईत येतो, चहा पोचवणारा ‘चायपाव’ होतो. गर्द विकणारा चिलम त्याचा मोठा भाऊ बनतो. मंजू ही वेश्यावस्तीतल्या रेखाची मुलगी. पोलीस कृष्णाला आणि मंजूला धरून नेतात. मग सरकारी व्यवस्था रेखाला सांगते की मुलगी परत मिळणार नाही. इथे आई जिवंत आहे, सख्खी आहे, तरी अयोग्य ठरते. शेवटी गणपतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत कृष्णाचा रेखाचा हातही सुटतो. उरतो तो भोवरा.

या सिनेमाचा एक परिणाम पडद्याबाहेर झाला. त्यातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने मुलांसाठीची फोनसेवा सुरू झाली, तीच पुढे देशभर गेलेली १०९८. मूल स्वतः फोन करून मदत मागू शकतं, ही कल्पना महत्त्वाची. १९४८च्या व्यवस्थेत मुलाला कोणीतरी पकडून आणायचं. इथे मूल बोलतं, आणि त्याचं ऐकायचं असतं.

मग मूळ प्रश्नाचं उत्तर काय? सगळेच जॉन चाचा चांगले नसतात. सोबत राहणारा प्रत्येक माणूस मुलाचा हितचिंतक नसतो, कमला तर नात्याचीच होती. म्हणून तपासणी हवी, संस्था हव्यात, कायदाही हवा. पण तपासणाऱ्याने मुलाला एक प्रश्न आधी विचारायला हवा: तुझं इथे कोण आहे? नोंदवहीत आईचं नाव, बापाचं नाव, पत्ता, एवढेच रकाने असतील, तर भोलाकडे त्यात लिहायला काहीच नाही. आणि हा प्रश्न विचारला, तर तो चटकन सांगेल, जॉन चाचा.

पुढच्या वेळी परभणीच्या किंवा मनमाडच्या फलाटावर एखादं पोर दिसलं, तर १०९८ लक्षात ठेवा. आणि फोन लावण्याआधी त्या पोराला एवढंच विचारा, तुझ्याबरोबर कोण आहे.