शनवार तेली आणि सातवा दिवस

अलिबाग, पेण, रोहे या भागातल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे काही लोक शनिवारी घाणा बंद ठेवत. गावाने त्यांना सरळ नाव देऊन टाकलं: शनवार तेली. (सोमवार पाळणारे सोमवार तेलीही होते, त्यामुळे कुणाला याचं फार नवल वाटलं नसावं.) हे लोक म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांच्यात चालत आलेली कथा आहे. आडनावं पेणकर, किहीमकर, रोहेकर. घरात मराठी.

ग्रंथ हरवले तरी त्यांच्या पहिल्या पानावरची गोष्ट या लोकांनी सांभाळली होती, असं मला वाटतं. कारण बायबलमधली विश्वाच्या निर्मितीची कथा माणूस घडवून संपत नाही. ती सुट्टीवर संपते. सहा दिवस देव काम करतो, सातव्या दिवशी थांबतो.

आपण ही कथा वाचतो तेव्हा पहिल्याच दिवशी अडकतो. सूर्य चौथ्या दिवशी, मग उजेड पहिल्या दिवशी कुठून आला? शंका रास्त आहे, पण ही कथा आपल्या विज्ञानाच्या पुस्तकाशी भांडायला लिहिलेलीच नव्हती. तिचं भांडण वेगळ्यांशी होतं. इ. स. पूर्व सहाव्या शतकात बॅबिलोनच्या फौजेने जेरुसलेम जाळलं आणि तिथल्या लोकांना धरून नेलं. त्या बंदिवासाच्या सुमारास या कथेला आजचं रूप आलं, असं बरेच अभ्यासक मानतात. बॅबिलोनची स्वतःची निर्मितीकथा होती. तिच्यात मार्दुक देव तियामतला मारून तिच्या देहाचं आकाश करतो आणि एका पराभूत देवाच्या रक्तातून माणूस घडवला जातो. कशासाठी? देवांचे कष्ट माणसाने उपसावेत आणि देवांना आराम मिळावा, यासाठी.

हे समोर ठेवलं की सहा दिवसांची कथा वेगळी वाचता येते. सूर्य आणि चंद्र बॅबिलोनमध्ये देव होते. इथे त्यांची नावंही घेतलेली नाहीत, नुसता मोठा दिवा आणि धाकटा दिवा. त्या मुलखात देवाची प्रतिमा म्हणून राजाला मिरवत. इथे प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक स्त्री देवाची प्रतिमा आहे. हरलेल्या माणसांनी हे लिहिलं, ही गोष्ट मला सूर्याच्या कोड्यापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

आणि मग ती सुट्टी. दहा आज्ञांमध्ये ती दोनदा सांगितली आहे आणि दोन्हीकडे कारण निराळं आहे. ‘निर्गम’मध्ये: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. ‘अनुवाद’मध्ये: तुम्ही मिसरात गुलाम होता, ते आठवा म्हणून. सुट्टी कुणाकुणाला, याचीही यादी आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, परका पाहुणा. ‘अनुवाद’मधल्या यादीत बैलाचा स्वतंत्र उल्लेख आहे.

घाण्याचा बैल! डोळ्यांवर झापडं, दिवसभर तोच फेरा, पोचायचं कुठेच नाही. निर्मितीच्या कथेत संध्याकाळ आधी आणि सकाळ नंतर येते, म्हणून ज्यूंचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. म्हणजे शुक्रवारी दिवस मावळला की त्या बैलाचं जू उतरायचं, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं, आणि त्यासाठी झगडणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनाही रविवार हा खंडोबाचा वार असल्याचं सांगावं लागलं. नुसतं ‘माणूस थकतो’ हे कारण मालकांना पुरत नसे.

पुढे बेने इस्राएल मुंबईत आले, फौजेत आणि कचेऱ्यांत शिरले, घाणे मागे पडले. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे शनिवारी सगळ्यांचंच काम बंद असतं, त्यामुळे त्यांना शनवार तेली म्हणायला कुणी उरलं नाही.